गुरुवारचे बोलणे

बूट काढायला कोणी सांगितले नव्हते, तरी ग्वेन हम्फ्रीजने ते दारातच काढले आणि भिंतीकडेला जोडून ठेवले. बाहेर एप्रिलमधला ओला बर्फ पडत होता. जमिनीला टेकताच विरघळत होता. तिच्या पायांत करड्या रंगाचे पुरुषी, जाड मोजे होते. ते तिच्या वडिलांचे असावेत असे नीलांबरीला उगाच वाटून गेले. वडील जाऊन आठवडाच होत होता.

"मी फोन करायला हवा होता," ग्वेन म्हणाली. "पण फोन केला असता, तर मग आले नसते."

दिगंबरने तिच्यासाठी खुर्ची ओढली. मिशिगनमधल्या नोव्हाय गावाजवळच्या हम्फ्रीज स्प्रिंग या कारखान्यात तो क्वालिटी इंजिनिअर होता आणि ही मालकांची एकुलती एक मुलगी. पन्नाशीची, क्लीव्हलंडला दातांची डॉक्टर. दफनाच्या दिवशी तिने सगळ्यांशी केले तसे त्याच्याशीही हस्तांदोलन केले होते, तेवढीच ओळख. ती घरी का यावी, हे त्याला समजत नव्हते.

नीलांबरीने चहाचे आधण ठेवले आणि आले किसायला घेतले.

"सरळच विचारते," ग्वेन म्हणाली. "ऑफिसातली डोरिस सांगत होती, दर गुरुवारी लंचला तुम्ही आणि डॅड दार लावून बसायचात. आणि डॅड वेल्श बोलायचे. बाहेर ऐकू यायचं म्हणे."

"हो."

"दोन-तीन वर्षं ते दुसऱ्या कोणाशी वेल्श बोललेच नाहीत. बोलण्यासारखं माणूसच उरलं नव्हतं. ते तुम्हाला काय सांगायचे?"

आले किसण्याचा आवाज थांबला. दिगंबरने नीलांबरीकडे पाहिले. गुरुवारी त्याचे जेवण साहेबांबरोबर असते, इतकेच तिला ठाऊक होते.

इद्रिस हम्फ्रीज हे नाव त्याने पहिल्यांदा वाचले ते नोकरीच्या जाहिरातीखाली. "मालक इद्रिस?" त्याचा मित्र श्रीरंग म्हणाला होता, "अरब दिसतोय यार." प्रत्यक्षात निघाला तो गुलाबी चेहऱ्याचा, पांढऱ्या भुवयांचा उंच म्हातारा. ब्रिटनमधल्या वेल्सच्या उत्तरेकडे पाटीचा दगड काढतात त्या खाणींच्या गावातला. वडिलांची छाती दगडाच्या भुकटीने भरून गेलेली पाहिल्यावर तो बाविसाव्या वर्षी डेट्रॉइटला आला, दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबला आणि मग एका गॅरेजात एकच यंत्र लावून गवत कापायच्या मशीनच्या स्प्रिंगा वळू लागला. पुढे गाड्यांच्या इंजिनांच्या स्प्रिंगा, मोठी शेड, दीडशे माणसे.

त्याच्या बरोबरीच्या कारखानदारांनी हातात पैसा आल्यावर तळ्याकाठी घरे घेतली. हम्फ्रीजने चर्चचा हॉल भाड्याने घेऊन वेल्शचा रविवारचा वर्ग सुरू केला. शिकवायला वेल्सहून शिक्षिका आणली. चार पानी मासिक काढले. दर सप्टेंबरला वेल्श भजनांचा मेळा भरवला. त्याला ओहायोतून बस भरभरून लोक यायचे. कारखान्यात तर 'बाहेर जाण्याचा मार्ग' आणि 'धूम्रपान मनाई' या पाट्याही दोन भाषांत होत्या. पोलिश आणि मेक्सिकन कामगार त्यांच्याकडे बघून डोळे मिचकावायचे. धूम्रपान मात्र दोन्ही भाषांत चालू असायचे.

दिगंबर नोकरीला लागून महिना झाला असेल. एका गुरुवारी म्हाताऱ्याने त्याला डब्यासकट केबिनमध्ये बोलावले.

"घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठी. तुम्ही नाव ऐकलं नसेल."

"किती लोक बोलतात?"

"सात-आठ कोटी असतील."

म्हाताऱ्याने हातातले सँडविच खाली ठेवले. "आठ कोटी! आणि वर म्हणतोस, नाव ऐकलं नसेल! आम्ही सगळे मिळून सहा लाखही नाही. तेही माझ्यासारखे थेरडे धरून." मग तो उठला, केबिनचे दार लावून आला. "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला समजेल असं काही नको."

दिगंबर गोंधळला. ही कसली परीक्षा? आपल्याला वेडा ठरवून काढायचा तर विचार नाही? शेवटी त्याने मराठीत सांगितले की डब्यात दोडक्याची भाजी आहे, ती त्याला आवडत नाही, पण नीलांबरीला इंडियन ग्रोसरीत दोडका दिसला की राहवत नाही. म्हातारा मान तिरकी करून ऐकत होता. यंत्राच्या आवाजात खोट कुठे आहे हे कानाने हुडकणारा फोरमन तसाच उभा राहायचा. भाजीचे सांगून झाल्यावर म्हाताऱ्याने स्वतः बोलायला सुरुवात केली. घशातून येणारे, फुंकर घातल्यासारखे शब्द. मध्येच हसला. मध्येच टेबलावर बोटाने रस्ता काढून दाखवला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा म्हणाला, "थँक यू. पुढच्या गुरुवारी?"

पुष्कळ दिवसांनी धीर करून दिगंबरने विचारले होते, की वर्गातल्या विद्यार्थ्यांशी का बोलत नाही? म्हाताऱ्याने खांदे उडवले. "ते बोलताना माझ्या तोंडाकडे बघतात, चुकलं का म्हणून. मी मास्तर होऊन जातो. आणि इंग्रजीत मी कितीही बोललो तरी दुसऱ्याच्या घरी पाहुणा. पाय वर घेऊन बसता येत नाही."

हे पटले की नाही, हे दिगंबरला कधीच ठरवता आले नाही. पण तो जात राहिला. आधी बोलायचा तो ट्रॅफिकबद्दल, ग्रीन कार्डच्या रखडपट्टीबद्दल, बॉसला शिव्या घालायच्या म्हणून प्रत्यक्ष बॉसलाच. आणि मग एका गुरुवारी, काही ठरवलेले नसताना, त्याने जानेवारीबद्दल सांगितले.

दोन हजार तीनचा जानेवारी. नीलांबरीला सातवा महिना होता. मुलगी पोटातच गेली. पाळण्याचे सुटे भाग नीलांबरीने स्वतः खोक्यात भरले आणि दुकानात परत नेऊन दिले. तिच्या आईने पुण्याहून पाठवलेली दुपटी कुठे गेली हे दिगंबरने विचारले नाही. ती त्या विषयावर बोलली नाही, म्हणून तोही बोलला नाही. तिला बोलायचे नसणार असे तो धरून चालला आणि पुढे ते तसेच राहून गेले. केबिनमध्ये मात्र, एक शब्दही न कळणाऱ्या माणसासमोर, त्याला सगळे सांगता येत होते. नर्सने बाळाला टोपी घातली होती. तिची बोटे लांब होती, नीलांबरीसारखी. आता असती तर चालायला लागली असती. पुढच्या वर्षी म्हणाला, बडबड करायला लागली असती. म्हातारा ऐकायचा. तोंडावर चुकचुकण्याचा भाव कधी आणला नाही, कारण कशाबद्दल चुकचुकायचे हे त्याला माहीत नव्हते. मग त्याची पाळी यायची आणि तो बोलायचा.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी म्हातारा पुष्कळ वेळ बोलला. हसला, डोळे पुसले, पुन्हा बोलला. शनिवारी त्याला झटका आला. शुद्धीवर आलाच नाही.

"मिस्टर दिगंबर?" ग्वेन म्हणाली.

चहाचे कप समोर आले होते. नीलांबरी ओट्याला टेकून उभी होती.

"मला वेल्श येत नाही," दिगंबर म्हणाला.

ग्वेन हसली, लोक विनयाला हसतात तशी. "थोडीफार तरी येत असेलच."

"पाट्यांवरचे चार शब्द. एक्झिट, नो स्मोकिंग. बाकी काहीच नाही."

"मग तीन वर्षं तुम्ही करत काय होतात?"

"ते बोलायचे. मी ऐकायचो. मग मी बोलायचो."

"इंग्लिशमध्ये?"

"नाही. मराठीत."

"डॅडना मराठी येत होती?"

"नाही."

ग्वेनने नीलांबरीकडे पाहिले, हे खरे आहे का असे विचारल्यासारखे. पण नीलांबरी तिच्याइतकीच चक्रावलेली दिसत होती.

"आय अ‍ॅम सॉरी," ग्वेन म्हणाली. "मी अडीच तास ड्राइव्ह करून आलेय. मला वाटलं होतं..." तिने कप दोन्ही हातांत धरला, पण प्याली नाही. "मी चौदा वर्षांची होते. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. डॅड मला वेल्शमध्ये काहीतरी म्हणाले आणि त्या हसल्या. मी म्हटलं, डॅड, नॉर्मल बोला ना. एवढंच. ते रागावले नाहीत. पण त्या संध्याकाळपासून माझ्याशी इंग्लिशच बोलले. कायमचं. पुढच्या वर्षी त्यांनी तो रविवारचा वर्ग काढला. अख्ख्या मिशिगनच्या पोरांना वेल्श शिकवली. मला एकदाही म्हणाले नाहीत, तू पण ये. आणि मीही गेले नाही. ते बोलावतील म्हणून थांबले होते."

खिडकीच्या काचेवरून बर्फाचे पाणी ओघळत होते.

"मला फक्त एक सांगा. ते बोलताना माझं नाव यायचं का?"

हो म्हणणे अगदी सोपे होते. दिगंबरने तोंड उघडलेही. मग कपाळ चोळत तो आठवू लागला, कारण खोटे बोलावे की खरे, यापेक्षा खरे काय हे त्याला आधी ठरवता येईना.

"ग्वेनसारखा एक शब्द यायचा," तो सावकाश म्हणाला. "पुष्कळदा यायचा. कधी ग्वेन, कधी नुसतंच वेन. पण ते तुमचंच नाव होतं की आणखी काही, हे मला खरंच माहीत नाही."

"ग्वेन म्हणजे पांढरी," ती म्हणाली. "मेंढी, टेकडी, काहीही. आणि जरा लांबवून म्हटलं तर ग्वेन म्हणजे हसू. लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं." ती थोडी हसली, पण ते हसणे तोंडावर टिकले नाही. "म्हणजे ते मेंढ्यांबद्दलही बोलत असतील."

"असतील," दिगंबर म्हणाला. "पण तो शब्द आला की ते माझ्याकडे बघत नसत. खिडकीकडे बघत."

याने काही सिद्ध होत नव्हते, हे दोघांनाही माहीत होते. तरी ग्वेनने मान हलवली आणि चहाचा पहिला घोट घेतला. आले तिच्या घशाला लागले असावे; ती खोकली, डोळे पुसले आणि आणखी एक घोट घेतला. नीलांबरीने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. बराच वेळ ती तिघे मेळ्याबद्दल बोलत राहिली. यंदा सप्टेंबरला तो होणार की नाही, मासिकाचे काय करायचे, पाट्या काढून टाकायच्या का. नीलांबरी म्हणाली, एका वर्षी ती दोघे मेळ्याला गेली होती. सगळा हॉल एकदम गायला लागला तेव्हा तिला रडू आले होते.

दिगंबरने चमकून पाहिले. त्या दिवशी गाडीत ती सर्दी झाली म्हणाली होती.

जायला उठताना ग्वेनने गळ्याचा मफलर गुंडाळला आणि मग, निरोपाआधी काहीतरी विचारावे म्हणून विचारल्यासारखे म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही त्यांना काय सांगायचात?"

"असंच. जनरल." दिगंबरने रिकामा कप बशीत फिरवला. "कामाचं. ट्रॅफिकचं." एवढ्या दुरून आलेल्या बाईला हे देऊन परत पाठवणे त्याला जमेना. त्याने इंग्रजीत वाक्य जुळवायला घेतले. "दोन हजार तीनच्या जानेवारीत, आम्हाला..." पुढचा शब्द त्याला ठाऊक होता. हॉस्पिटलने तोच वापरला होता. तो तोंडातून बाहेर पडेना.

ग्वेन मफलरचे टोक हातात धरून उभी राहिली.

नीलांबरीने ओट्यावरचा हात काढला. टेबलापाशी आली, दिगंबरच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसली. तीन वर्षे दर गुरुवारी त्याच्यासमोर बसणारा माणूस कसा बसत असेल, याचा जणू अंदाज घेत तिने हात टेबलावर ठेवले.

"मराठीत सांग," ती म्हणाली. "मला कळेल."