गोड्या पाण्यानं न्हालेला दगड

मी दगड बोलतोय. साधासुधा नाही, उत्तर समुद्राच्या तळाखाली पाऊण मैलावर घडलेला वाळूचा दगड. बोलायचं बळ फारसं उरलेलं नाही, तरी ऐका.

कोट्यवधी वर्षं माझ्या अंगातल्या बारीक छिद्रांत खारं पाणी भरलेलं होतं. पिता येत नाही, शेताला चालत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. मग एक दिवस वरून पोलादी नळी आली आणि मला कापून वर घेऊन गेली. चांगला वीतभर लांब, गोल, गुळगुळीत झालो.

केंब्रिजच्या प्रयोगशाळेत मला कळलं की माणसांना आपल्या वीजघरांचा धूर ठेवायला जागा हवी आहे. धुरातला नको तो वायू पकडायचा, दाबायचा आणि माझ्यासारख्या खाऱ्या दगडात कायमचा कोंडायचा. माणसाची सवयच ही. घरातलं नकोसं झालं की पलंगाखाली सरकवायचं! पण दगडात तो मावतो का, ते आधी तपासायला हवं. माझ्याबरोबर वर आलेले दोन तुकडे तपासणीत फुटले. तिसरा आणि शेवटचा मी.

माझी जबाबदारी तिथं संशोधन करणाऱ्या अनुपकडे होती. सोमवारी मला मँचेस्टरच्या तपासणीच्या मोठ्या मशीनवर न्यायचं, म्हणून शुक्रवारी त्यानं मला खाऱ्या पाण्याच्या डब्यात घालून घरी आणलं आणि फ्रिजमध्ये कोथिंबिरीमागं ठेवलं. बायकोला म्हणाला, "मनीषा, याला हात लावू नकोस हं."

ती कशाला लावतेय? तिचं बाळ बारा दिवसांचं, जेमतेम पाच पौंडांचं. ते झोपलं की तिला वाटे, श्वास चालू आहे ना? रडलं की वाटे, दुखतंय का?

रविवारी बारसं होतं. अनुप पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेला. लंडनजवळच्या स्टॅनमोरहून आलेल्या ओळखीच्या वैजयंतीकाकूंनी पाळणा सजवला आणि विचारलं, "वरवंटा कुठाय गं?"

"काकू, इथं मिक्सर आहे."

"मग काय मिक्सरला टोपडं घालू? अगं, बाळाआधी पाळण्यात वरवंटा जातो. बाळाची पीडा त्याच्यावर जाते. तीस वर्षांत मी एकही बारसं त्याच्याशिवाय केलं नाही."

मनीषाचा चेहरा उतरला. आधीच एवढंसं पोर, त्यात बारशात उणीव? तिला मी आठवलो. घटकाभर घ्यायचा, पुन्हा ठेवून द्यायचा, कुणाला कळतंय!

काकूंनी मला नळाच्या गरम पाण्यानं खसाखसा न्हाऊ घातलं, तेल चोळलं, कुंकू लावलं. इतका लाड माझा कुणी केला नव्हता. पण माझ्या छिद्रांत चिमूटभर चिकणमाती आहे, तिला फक्त खारं पाणी मानवतं. गोडं पाणी लागताच ती फुगली आणि माझ्या आतल्या वाटा एकेक करून बंद झाल्या.

अनुप आला तेव्हा टोपडं घालून मी पाळण्यात होतो. मला पाहिलं आणि तो पाहुण्यांचे कोट टांगायला वळला. बाळाचं नाव वरद ठेवलं. पेढेही वाटले.

सगळे गेल्यावर तो खाली बसला. "शेवटचा तुकडा होता गं."

"पुन्हा मिठाच्या पाण्यात घाला ना!"

"फुगलेली माती उतरत नाही."

"मग गप्प बसा. चार महिन्यांनी तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, त्यावरच आपला व्हिसा. बाळाला घेऊन कुठं जायचं?"

"कुणाला कळणार नाही, तेच तर वाईट आहे. मशीन म्हणेल, इथं वायू शिरत नाही. मग समुद्राखालच्या त्या सगळ्या जागेवर फुली मारतील. माझ्या सहीनं."

मनीषानं बाळाला पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "साहेबांना फोन करा. माझं नाव सांगा."

"तुझं कशाला? फ्रिजमध्ये मी ठेवला होता."

त्यानं फोन केला. साहेब ओरडले नाहीत. पण कॉन्ट्रॅक्ट काही वाढलं नाही. आता सामानाचे खोके बांधून झालेत, गुरुवारी परतीचं विमान आहे. मला प्रयोगशाळेनं परत घेतलं नाही. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून मनीषानं मला दाराशी टेकवून ठेवलंय. येता-जाता ती माझ्याकडे बघत नाही.

बाई, राग नाही माझा. मी दमलोय एवढंच. कुणाचं काही आत घ्यायची ताकद आता माझ्यात नाही, धुराची नाही आणि पीडेचीही नाही. पण त्या जागेवर फुली पडली नाही. तिथं माझी भावंडं अंधारात पडून आहेत. माणसांनो, धूर घेऊन जाल तेव्हा त्यांना आधी नीट विचारा. आणि ती नाही म्हणाली, तर ऐका.