कानबाईपुढची गोळी

वैजयंता उभी राहिली की तिचं काळीज धडधडायचं, हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ती कोसळायची. हे चुलीपुढून उठताना झालं, तर सासूच्या, रुखमाबाईच्या, लेखी ते सोंग. पण श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या आरतीला झालं, की तीच सासू तिच्या पाया पडायची. सुनेच्या अंगात देवी आली म्हणून गल्लीतल्या बाया ओटी भरायच्या, पोरींच्या लग्नाचं विचारायच्या. कोसळलेल्या सुनेला घोटभर पाणी मात्र कुणी विचारायचं नाही.

शेवटी शहाद्याच्या डॉक्टरांनी तिची नाडी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजली. उभं राहिल्यावर हृदयाला आवरणाऱ्या नसांचाच हा बिघाड आहे म्हणाले. त्यांनी ब्लडप्रेशरची एक जुनीच गोळी कमी डोसात दिली आणि आपल्या मनाने बंद करायची नाही, असं बजावलं. दोन महिन्यांत वैजयंता कपाशी निंदायला जाऊ लागली.

झालं! घरात सगळ्यांनाच डॉक्टरकी सुचली.

"तुले कोठे बीपी शे? बीपीनी गोळी खाशी त कानबाई येवाव नई," रुखमाबाईने सुनावलं. गोळीने देवीच अंगात यायची बंद होईल, ही तिची धास्ती.

"माय म्हनस ते बी खरं शे, डॉक्टर म्हनस ते बी खरं शे," म्हणत नवरा उमाकांत गाडीला किक मारून मोकळा. असला नवरा असून नसून सारखाच.

कानबाई बसली त्या रविवारी सकाळी कोनाड्यात गोळ्यांची पट्टी नव्हती. शोधशोध शोधली तेव्हा सापडली थेट कानबाईच्या चौरंगावर, हळदकुंकू वाहिलेली.

"देवीपुढलं उचलानं नई," सासूने दम भरला.

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोटांच्या नैवेद्यासाठी घर भावबंदांनी भरलं होतं. त्या सगळ्यांदेखत तिने पट्टी उचलली आणि गोळी तोंडात टाकली.

"देवीपुढलं म्हंजे परसादच ना, आत्याबाई?" तिने सासूलाच विचारलं.

संध्याकाळी आरती सुरू झाली. देवीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे डोळे सुनेवर. तिचं काळीज जरा धडधडलं आणि शांत झालं. टाळ्या वाजवत ती शेवटपर्यंत उभी राहिली.

"आवंदा कानबाई उनीच नई," देवी आली नाही म्हणून रुखमाबाईने डोळ्यांना पदर लावला. बाया आणलेले खण घेऊन परतल्या.

वैजयंताला संतापाने रडू फुटलं. लग्न झाल्यापासून दरवर्षी आरती लागली की तिच्यापुढे नुसता अंधार व्हायचा. आरतीच्या उजेडातलं कानबाईचं तोंड तिने आज पहिल्यांदा पाहिलं होतं. तिच्यापुरती देवी यंदाच आली होती.