न बोलावता आलेली बाई

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या घरी कोणी विचारून जात नाही. पूर्व टेक्ससमधल्या आमच्या गावाला एवढं तरी वळण आहे. घरचे लोक चर्चमध्ये अंत्यविधीला बसलेले असताना बायका मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतात, जेवण मांडतात आणि निघतात. "काय आणू?" असं विचारणं म्हणजे दुःखात असलेल्याला मागायला लावणं. तसं विचारणारी बाई आमच्यात अजून जन्मायची आहे.

दुसरीही एक रीत आहे. अंत्यविधीची वेळ पेपरात छापून येते आणि पेपर चोरही वाचतात. म्हणून तेवढा वेळ एखादा शेजारी राखणीला बसतो. बसतो म्हणजे टीव्ही बघतो आणि बायकांना दार उघडून देतो. ऑर्व्हिल टिडवेल गेला तेव्हा हे काम ग्लेन स्टँपरने मागून घेतलं.

ग्लेनराव आमच्या चर्चच्या कारभारी मंडळातले. जन्मभर एसी विकले आणि निवृत्त झाल्यावर पिस्तूल चालवायच्या क्लासला जायला लागले. तेव्हापासून त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

"आपलं घर म्हणजे आपला किल्ला, मिस डेल्फा," ते मला एकदा पेट्रोल भरता भरता म्हणाले. "कोणी जोर लावून आत शिरला की विचारत बसायचं नाही. कायदा आपल्या बाजूने आहे."

"तुझ्या किल्ल्यात न्यायचं काय रे? तो भिंतीवरचा, बटण दाबलं की गाणारा प्लास्टिकचा मासा?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे," ते म्हणाले. तत्त्व कमरेला लटकत होतं आणि त्याच्या वजनाने पँट घसरत होती.

तर ऑर्व्हिलच्या अंत्यविधीच्या दिवशी ग्लेनरावांनी व्हर्नाच्या, म्हणजे त्याच्या विधवेच्या, पुढच्या दारावर कागद चिकटवला: 'जेवण इथे ठेवा, बेल वाजवा.' पुढचं दार! आमच्या गावात पुढच्या दाराने येतात पास्टर आणि पोलीस. तो कागद कोण वाचणार होतं? पण हे सुचायला डोकं जागेवर लागतं.

मी आणि लुडीन प्रूइट माझ्या गाडीतून गेलो. लुडीनच्या हातात ओव्हनमध्ये भाजलेला कोंबडी-भात होता, काचेच्या मोठ्या भांड्यात, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. मी मागच्या सीटवरून बटाट्याचं सॅलड काढत होते. व्हर्नाचं स्वयंपाकघराचं दार किती वर्षं झाली फुगलेलं आहे, लाथ घातल्याशिवाय उघडतच नाही. हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. लुडीनने कोपराने जाळीचं दार ओढलं आणि आतल्या दाराला नेहमीसारखी लाथ घातली.

आतून गोळी आली. दारातून, भांड्यातून, तिच्या उजव्या मनगटातून. 'कोण आहे?' हे दोन शब्द शेंबडं पोरही विचारतं. ग्लेनरावांना क्लासात ते शिकवले नसावेत.

लुडीन आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवायची. डॉक्टरांनी हात वाचवला, पण दोन बोटं मिटेनात. मी शेरीफच्या नावाने, ग्लेनच्या नावाने, त्या क्लासच्या नावाने खडे फोडत होते. ती मात्र शांत.

"त्याला तुरुंगात घालून मला काय मिळणार, डेल्फा? त्याची बायको दर रविवारी माझ्या पुढच्या बाकावर बसते. मला एवढंच हवंय, कोणीतरी म्हणावं की मी त्या घरात घुसले नव्हते."

खटला चालवायचा की नाही हे ग्रँड ज्युरी ठरवते, म्हणजे गावातलीच माणसं, बंद खोलीत. ग्लेनरावांच्या वकिलाने आधीच पेपरात सांगून टाकलं होतं की राखणदार तो मालकासारखाच, आणि बंद दाराला लाथ म्हणजे जोर लावून प्रवेश. आता सगळं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. लुडीनला त्या घरात यायची मुभा होती की नव्हती? ते सांगणार घरमालकीण.

साक्ष देऊन व्हर्ना थेट लुडीनच्या स्वयंपाकघरात आली आणि पर्स न ठेवताच रडायला लागली.

"त्या सरकारी वकिलाने शपथ देऊन विचारलं गं, तुम्ही यांना बोलावलं होतं का? मी काय सांगणार? नाही बोलावलं."

"अगं, मग पुढे सांगायचंस की आपल्यात बोलावत नाहीत म्हणून!" मी ओरडले.

"सांगत होते. तो म्हणाला, फक्त हो किंवा नाही, मॅम."

लुडीनने तिला जवळ घेतलं. "खरं तेच सांगितलंस तू," ती म्हणाली. मला तिचा राग आला. इतकं चांगलं असू नये माणसाने.

ग्लेनराव सुटले. शहाणपणाचा कळस म्हणजे हॉटेलात लोक त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. "बिचाऱ्याच्या मनावर केवढा परिणाम झालाय," असं म्हणत त्यांची कॉफीही भरत होते. मनावर! मनगटाची कोणी चौकशी केली नाही. आणि ज्या बाईने या गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी जेवण पोचवलं, ती कायद्याने घुसखोर ठरली. लुडीनने चर्चला यायचं बंद केलं. "लोक वाईट वागतात असं नाही," ती म्हणाली, "पण दार उघडायच्या आधी क्षणभर थांबतात."

पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे भांडी घासत होते. मागचं दार ढकललं गेलं आणि ग्लेनराव आत आले. टकटक नाही, हाक नाही. दोन्ही हातांत झाकलेलं भांडं, चेहऱ्यावर रविवारचं हसू.

"बायकोने पाठवलंय, मिस लुडीन. पीच घालून केलेलं गोड आहे. गरम आहे, जपून. झालं गेलं विसरायचं म्हणते ती."

मी ओला हात पुसून तोंड उघडणार, तोच लुडीनने मला नजरेने गप्प केलं. ती टेबलाशी बसली होती, प्लास्टरचा हात समोर ठेवून.

"ग्लेन, मी तुला बोलावलं होतं का?"

"अं? नाही, मॅम."

"आत येऊ का म्हणून विचारलंस?"

"आपल्यात कुठे कोण विचारतं, मिस लुडीन?" ते हसले. मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण हसू गळून पडलं.

"मग तू कोण रे? चोर?"

"असं काय बोलता? मी शेजारी. लहानपणापासून ओळखता मला."

"मग त्या दिवशी मी कोण होते?"

ग्लेनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय मदत करणार होते? "कायद्याने..." ते म्हणाले, आणि थांबले. "तुम्ही... तुम्ही जेवण घेऊन आला होतात."

"मोठ्याने."

"तुम्ही जेवण घेऊन आला होतात, मिस लुडीन."

"हे रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणशील?"

भांडं चांगलंच गरम होतं, कारण ग्लेनराव सारखी बोटं बदलत होते. लुडीनने त्यांना ते खाली ठेवायला सांगितलं नाही.