कुंगफू कोतवालाच्या खालची गादी

मित्रांनो, माझ्या अंगावर हे जे बुटांचे ठसे दिसतात ना, ते मारामारीचे आहेत. हसू नका, मी थापा मारत नाही. मी फुलसावंगीतली एक जुनी गादी. एका सिनेमात भरपूर काम केलेली, आणि त्याच सिनेमातून काढून टाकलेली.

कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या काळातला माझा जन्म. रुखमाबाईच्या शेतातला कापूस ऐन वेचणीत भिजला आणि पिवळा पडला. महागावच्या बाजारात व्यापाऱ्याने मूठभर उचलून पाहिला, कवडी आहे, डागी माल आहे म्हणाला आणि हात झटकले. भरून नेलेली बैलगाडी तशीच भरलेली परत आली. रुखमाबाई त्या दिवशी जेवली नाही. पुढे तिने बसल्या बसल्या थोड्या कापसातली सरकी काढली आणि तिचा मुलगा संघदीप तो कापूस युनूस पिंजाऱ्याच्या दुकानात घेऊन गेला. युनूसने तो पिंजला, लाल पट्ट्यांच्या खोळीत भरला, काठीने झोडून सारखा केला आणि टाके घातले. मी टम्म फुगले होते तेव्हा. वाटलं, आता कुणाच्या तरी लग्नात मिरवणार.

पण माझ्या नशिबात कोतवाल होता. युनूस गाद्या शिवायचा आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगही करायचा. संघदीप सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा आणि संध्याकाळी पोरांना कराटे शिकवायचा. कापूस येईना, तशी जिनिंगला कुलूप लागलं. पोरं आईबापांबरोबर परगावी कामाला गेली आणि कराटेचा क्लासही ओस पडला. दोघं मित्र रिकामे झाले. मग त्यांच्या डोक्यात पिच्चर काढायचं खूळ शिरलं. नाव ‘कुंगफू कोतवाल’. गावात दवंडी देणारा कोतवाल लाथा घालून चोरांना पळवून लावतो, अशी विनोदी गोष्ट. सामान म्हणाल तर युनूसचा कॅमेरा, संघदीपचा पांढरा कराटे ड्रेस आणि मी.

कोतवाल झाडावरून पडायचा तो माझ्यावर, चोर आपटायचे तेही माझ्यावर. ठोशांचे आवाजसुद्धा माझेच. कॅमेऱ्याजवळ मला काठीने बडवायचे आणि पडद्यावर चोराच्या गालात ठोसा बसायचा. अंग ठणकायचं, पण संघदीप उडी घेण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचा, आणि मला फार बरं वाटायचं. पिच्चर चालला तर पुसदला मोठा क्लास काढायचा, मायला तिकडे न्यायचं, असं तो युनूसला सांगायचा. त्याच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

पहिला खेळ बाजाराच्या मैदानात झाला. धोतरांचा पडदा केला होता आणि मला पुढे अंथरून माझ्यावर पोरं बसवली होती, म्हणून लोकांची मतं मला जवळून ऐकता आली. ‘लाथ लागायच्या आधीच आवाज येऊन राह्यला,’ एक म्हणाला. ‘चोर सोताहूनच पडून राह्यले ना बे,’ दुसरा म्हणाला. शेवटी कोतवाल गोठ्याच्या टिनाच्या छपरावरून उडी मारतो, तिथे पडद्याच्या कोपऱ्यात माझे लाल पट्टे दिसले आणि सगळं मैदान ओरडलं, ‘अरे, गादी दिसली, गादी!’ चणे विकणारी म्हातारी हंसाबाई डोळे पुसत हसत होती. ‘दिसू दे ना,’ ती म्हणाली. ‘पोरगं मऊ पडलं, चांगलं झालं.’ पण तिचं मत कोण विचारतो? पुसदहून आलेला व्हिडिओ हॉलवाला उठला, ‘गादी दिसणारा पिच्चर माह्या इथं नाही चालत,’ म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संघदीपने मला गुंडाळून भिंतीला टेकवलं. ‘ते उडी पुन्हा घेऊ,’ तो म्हणाला. ‘बिना गादीची.’

‘येडा झाला काय?’ युनूस म्हणाला. ‘गादी राहू दे. मी कॅमेरा वर धरतो.’

‘वर धरला तर लोक म्हनतीन, खाली लपवली. जमिनीपर्यंत दिसलं पायजे. युनूसभाई, येवढंच एक हाय आपल्याजवळ. माय दिवसभर त्या कवडी कापसाकडं पाहात बसते. हे बी गेलं तर मी घरी काय तोंड दाखवू?’

युनूसने त्याचा हात धरला, पण तो सोडवून संघदीप टिनावर चढला. शेवटी युनूसने कॅमेरा धरला. यावेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तोंड नाही, पाय नाहीत. नाहीतर मी घरंगळत गेले असते, त्याच्या खाली जाऊन पडले असते. तो पडला तेव्हाचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, ते युनूसला नाटक वाटलं आणि कॅमेरा चालूच राहिला. मग संघदीप हळूच म्हणाला, ‘युनूसभाई, माहे पाय कुठं हाय?’

यवतमाळच्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याचं सांगितलं. पाय परत आले नाहीत. त्याला घरी आणलं आणि माझ्यावर झोपवलं. ज्या कामासाठी मी हवी होते, त्या कामाला मी उशिरा आले. रुखमाबाई त्याला कुशीवर वळवायची आणि तोंड फिरवून रडायची. युनूस तर कॅमेरा फोडायला निघाला होता.

‘फोडू नको. पिच्चर दाखव,’ संघदीप म्हणाला. ‘माहे पाय त्याच्यात गेले. फुकट नको जाऊ देऊ. लोक काय म्हनते, ते मले माह्या कानानं ऐकू दे.’

म्हणून दुसऱ्या खेळाला बाज उचलून त्याला मैदानात आणलं. मी त्याच्या खाली होते. बाज मागे अंधारात ठेवली, रुखमाबाई उशाशी बसली. बाजाराचा दिवस, गर्दी बाहेरगावची; उडीत काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. नवी उडी आली. कोतवाल टिनावरून सुटला, जमिनीवर आदळला, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. आणि मैदान हसलं. इतकं की पोरं जमिनीवर लोळली. ‘आता खरं वाटते,’ कुणीतरी ओरडलं. ‘काय ॲक्टिंग करून राह्यला!’ संघदीपची बोटं माझ्या खोळीत रुतली. ज्या शाबासकीसाठी त्याने उडी घेतली होती, ती ही.

तेवढ्यात हंसाबाई उभी राहिली. ‘हसता कायले?’ ती म्हणाली. ‘मागच्या वक्ती पोराखाली गादी होती. ते कुठं गेली?’

‘इथं हाय, आजी,’ संघदीप अंधारातून म्हणाला. ‘माह्या खाली हाय.’

लोक मागे वळले. पडद्यावर कोतवाल अजून तोंड वेडंवाकडं करत होता, पण तिकडे कुणी पाहीना.

आता मी दबून पातळ झाले आहे. मला पिंजायला हवं, ऊन दाखवायला हवं, पण त्याच्या अंगाखालून मला काढायला युनूसचा हात धजत नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाद्यांना ऊन दाखवत जा. आणि कुणी उंचावरून उडी घेत असेल, तर टाळी वाजवण्याआधी त्याच्या खाली बघा. तिथे काही नसेल तर ओरडा, त्याला थांबवा. मला ओरडता आलं नाही.