घरभेटी बंद

मंगला नर्स एका संस्थेतर्फे दर दोन दिवसांनी गलोंड्याच्या चाळीत नथूची पडून पडून पाठीला झालेली जखम धुवायला जायची. मसाटच्या एका कंपनीत अंगावर लोखंडी रॅक कोसळला आणि नथू कमरेखाली लुळा झाला. साक्रीकडून पोटासाठी आलेला गडी खाटेला खिळला. बायको मंजुळाबाई धाग्याच्या कंपनीत पाळी करायची, त्यावर घर चालायचं.

एकदा मंगलाबरोबर केतकी आली. संस्थेला पैसे देणाऱ्या ट्रस्टने तिला मुंबईहून पाठवलं होतं, कुठला पैसा कुठे जास्त कामी येतो ते पाहायला. पट्टी सोडल्यावर खोलीत वास पसरला, पण ती बाहेर गेली नाही.

"या ताई येतात त्याने काय फरक पडतो?" तिने नथूला विचारलं.

"आग कमी होते," तो म्हणाला. "आणि कोणी तरी बोलतं."

परतताना रिक्षात केतकी म्हणाली, "एवढ्याच खर्चात शेकडो लोकांची टीबीची तपासणी होते. त्यातले कितीतरी वाचतात. नथू बरा होणार आहे?"

"नाही."

"मग मी अहवालात काय लिहू, मंगलाताई?"

आमलीच्या कामगारांच्या खोल्यांतून रक्त थुंकणारी तरुण पोरं मंगलानेही पाहिली होती.

केतकीच्या अहवालानंतर घरभेटी बंद झाल्या. तपासणीची गाडी सुरू झाली आणि मंगलाला तिच्यावर नेमलं. जाण्याआधी तिने मंजुळाबाईला जखम धुवायला शिकवलं. "आणि दर दोन तासांनी कूस बदलायची."

"मी कंपनीत असल्यावर कोण बदलेल, ताई?"

मंगला रविवारी जात राहिली. पुढे गाडी रविवारीही फिरू लागली आणि तेही थांबलं. गाडीत रोज कुणाला ना कुणाला टीबी निघायचा, औषध सुरू व्हायचं. दिवाळीच्या सुमारास नथूच्या जखमेचं विष रक्तात भिनलं आणि तो सरकारी दवाखान्यात वारला.

मंगला चाळीत भेटायला आली तेव्हा मंजुळाबाई पाळीवर निघाली होती. तिने नथूच्या खाटेवरची, धुऊन, वाळवून गुंडाळलेली हवेची गादी पुढे केली.

"संस्थेची आहे ना? दुसऱ्या पेशंटला लागेल."

असा पेशंट आता मंगलाकडे नव्हता. तरी तिने गादी काखेत घेतली. मंजुळाबाईने दाराला कुलूप लावलं आणि दोघी कंपनीच्या बसपर्यंत चालत गेल्या.