पहिल्या नळीतले गुलाबी पाणी

मित्रांनो, बुलढाण्यातल्या एका लहानशा रक्ततपासणी केंद्रात, खिडकीखालच्या ओट्यावर बसलेले मी एक जुने सेंट्रिफ्यूज यंत्र आहे. रक्ताच्या नळ्या माझ्या पोटात ठेवून झाकण लावतात. मी गरगर फिरते. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी उरते. तपासतात ते पाणीच.

नव्याची नवलाई होती तेव्हा मालक चिंतामणराव येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "ह्या यंत्राचा आवाज तरी येते का, सांगा!" पुढे नळ्यांखालच्या रबरी गाद्या झिजल्या आणि मी थरथरू लागले. दोन दिवस सगळ्यांनी वळून पाहिले, मग सवय झाली. त्याचे मला फार वाईट वाटले.

त्याच दिवसांत देऊळघाटच्या अजीजुन्निसा चाची आल्या. त्या बायकांना बांगड्या भरतात. वर्षभरापासून त्यांचे हात कापत, पोटऱ्यांत गोळे येत, छाती धडधडे. एका नव्या सुनेच्या मनगटावर बांगडी फुटून रक्त आले, तेव्हापासून कुणी हात पुढे करेना. घरचे म्हणत, वय झाले. कॅल्शियमच्या गोळ्याही खाऊन झाल्या होत्या. या खेपेला डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासायला लिहून दिले होते.

मी फिरले, थरथरतच. घाईत नळी तशीच तपासणीला लागली. आकडा अगदी ठीक आला.

चाचींचा चेहरा पडला. "म्हंजे मले काहीच नाही? मंग हात काऊन कापून राह्यले, बेटी?"

रक्त तपासणाऱ्या सुलभाला तो प्रश्न लागला. तिने नळी उजेडात धरली. वरचे पाणी गुलाबी झाले होते.

"थांबा चाची. यंत्राच्या धक्क्यानं पेशी फुटल्या. त्यायच्यातलं मॅग्नेशियम पाण्यात उतरलं, म्हणून आकडा वाढला. चूक आमची हाय. रक्त पुन्हा द्या लागते."

मित्रांनो, मी शरमेने गार पडले. एका बाईचा आजार माझ्या पोटात झाकला जाणार होता.

सुलभाने गाद्या बदलून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले. पाणी स्वच्छ पिवळे निघाले. आकडा या वेळी हवा त्यापेक्षा बराच खाली आला. मग डॉक्टरांनी खोदून विचारले, तेव्हा कळले की चाची दहा वर्षे रोज सकाळी जळजळीची गोळी घेत होत्या. त्या गोळीला चाची औषध समजतच नव्हत्या, पण तिच्यामुळेच अंगातले मॅग्नेशियम कमी होत गेले होते. डॉक्टरांनी ती बंद केली आणि सलाइनमधून मॅग्नेशियम दिले.

महिन्याने चाची पेटी घेऊन आल्या. सुलभाचा हात धरून त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या. सहाच्या सहा चढल्या, एकही फुटली नाही. चाची कितीतरी वेळ आपल्याच बोटांकडे पाहत राहिल्या.

मित्रांनो, थरथर यंत्राची असो की माणसाची, तिची सवय करून घेऊ नका. थांबा, झाकण उघडा, आत काय झिजले ते बघा. आता रोज सकाळी सुलभा माझे झाकण लावते, तेव्हा त्या सहा बांगड्या वाजतात आणि मी न थरथरता फिरू लागते.