जातं हललं, गाव उठलं

मी एक जुनं जातं आहे. नत्थुजी माळ्याचं लग्न झालं त्या साली, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्याच सुमाराला, मला कौंडण्यपूरच्या जत्रेतून गाडीने अंजनगावच्या बाजूच्या एका खेड्यात आणलं. माझ्या खुंट्याला पहिला हात नत्थुजीच्या आईचा, मनकर्णाबाईचा लागला. दुसरा नव्या सुनेचा, गंगूबाईचा. दोघी समोरासमोर बसून दळत आणि दळता दळता भांडत. पीठ जाड पडलं तरी भांडण, बारीक पडलं तरी भांडण. शेजारची तानुबाई भिंतीला कान लावून असे. पण माझ्या पिठाची भाकर फुगते, हे तीही कबूल करी.

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात 'परागंदा' असा शब्द असेल. आमच्याकडे 'गाव उठलं' म्हणत, आणि तो शब्द फार जपून वापरत. प्लेगात उंदीर पडू लागले की माणसं शेतात झोपड्या बांधून राहत. त्याला गाव उठलं म्हणत नसत. गाव बाहेर पडलं, एवढंच म्हणत. कारण जाती घरातच असत. निघताना घरची बाई जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी घालून ठेवी. म्हणजे हे घर परत येणार. जातं गाडीवर चढलं, की ते घर उठलं.

एका हिवाळ्यात आमच्या गल्लीत उंदीर पडले. बायांनी पीठ दळून बांधून घेतलं. पण मनकर्णाबाईचे दात गेले होते, पोट बिघडलं होतं. ताज्या कण्यांच्या पेजेशिवाय तिच्या पोटात काही राहत नसे. म्हणून गंगूबाईने मलाच गाडीत चढवलं आणि हिसक्याने फुटू नये म्हणून वरून कडबा घातला. ते झाकणंच नडलं. तानुबाईने कडबा बाजूला केला.

"जातं नेऊन राहिली तू? म्हन्जे परत याचं नाई. काहून वं, घरात काय लपवलं?"

"बुढीले कण्या लागतात."

"सासूवर एवढी माया कधीपासून आली तुले?"

गंगूबाईने कडबा पुन्हा माझ्यावर ओढला. कालपर्यंतची भांडणं अख्ख्या गल्लीने ऐकली होती. तिच्या या झाकण्याचाही संशय आला. म्हातारीला प्लेगाची गाठ आली असेल, नत्थुजीला बाजारात काही कळलं असेल, अशी कुजबुज सुरू झाली. दुपारी तानुबाईचं जातं गाडीवर चढलं, मग पाटलाचं. जो तो दुसऱ्याची गाडी पाहून आपलं जातं उचलू लागला. कोणी परतवाड्याला गेलं, कोणी अकोल्याला. संध्याकाळपर्यंत गाव खरंच उठलं होतं.

मळ्यात आमची एकच झोपडी राहिली. गंगूबाई एकटी दळे. म्हातारी समोर बसून खुंट्याला नुसता हात लावी. एकदा म्हणाली, "कण्या जाड पडून राहिल्या."

"पडू द्या, आत्याबाई," गंगूबाई म्हणाली, आणि पुन्हा दळायला बसली.

पुढे काही घरं परतली, काही कधीच नाही. मग गिरणी आली. आता मी परसात पडून आहे. दाराशी गाडी थांबली की मला अजून शंका येते, कोण काय उचलायला आलं? मित्रांनो, कोणाला 'काहून', म्हणजे 'का', म्हणून विचाराल, तर त्याचं उत्तरही खरं मानून पाहा. आणि घरी जातं असेल तर त्याचं तोंड रिकामं ठेवू नका.

मनकर्णाबाई गाव उठलं त्याच हिवाळ्यात, पौषात, मळ्यातल्या झोपडीत वारली. तिला गाठ आली नव्हती. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. मला आणलं होतं त्याच गाडीतून नत्थुजीने तिला नेलं.